पिंग जातं, साइट लटकते: डीएनएस सोडा, एमटीयू बघा

तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य महत्त्वाचं आहे: "नवा राऊटर घातल्यापासून यूट्यूब मस्त चालतं, पिंगही येतं, पण बँकेची साइट आणि ऑफिसचं मेल नुसतं गोल फिरत राहतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तेच लगेच उघडतं." (पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारी छोटी हाक.)

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलायचा सल्ला तुम्हाला मिळालाच आहे. बदलून बघा, पैसे पडत नाहीत. पण डीएनएस बिघडलं असतं तर साइटचा पत्ताच लागला नसता आणि ब्राउझरने तसं तोंडावर सांगितलं असतं. तुमच्याकडे पत्ता लागतोय, जोडणी होतेय, आणि त्यानंतर सगळं चिडीचूप. हे लक्षण एमटीयूचं आहे. नेटवर माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात; एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात ती मर्यादा म्हणजे एमटीयू.

इथरनेटवर, म्हणजे केबलने जोडलेल्या नेटवर्कवर, ही मर्यादा १५०० बाइटची. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० साली मिळून जे स्पेसिफिकेशन काढलं, त्यातला हा आकडा. तेव्हा एकच केबल सगळ्यांत वाटलेली, वेग १० मेगाबिट. १५०० बाइट जायला १.२ मिलिसेकंद लागायचे आणि तोवर बाकीच्यांनी गप्प बसायचं. आज घरात फायबर आला तरी आकडा तोच.

आता तुमचं कनेक्शन युजरनेम-पासवर्ड टाकून लागतं, म्हणजे पीपीपीओई. यात प्रत्येक पॅकेट आणखी एका पाकिटात घातलं जातं आणि त्या पाकिटाचे ८ बाइट जातात. उरले १४९२. राऊटरला हे माहीत नसेल, त्यात एमटीयू १५०० च ठेवलेला असेल, तर गडबड सुरू.

गंमत अशी की गडबड सुरुवातीला दिसतच नाही. बँकेची साइट उघडताना आधी टीसीपीची, म्हणजे दोन यंत्रांत जोडणी लावणाऱ्या पद्धतीची, तीन पॅकेटं होतात: तुम्ही हाक मारता, सर्व्हर ओ देतो, तुम्ही पोच देता. ही तिन्ही चिल्लर, एकेक शंभर बाइटही भरत नाही. ती आरामात जातात, म्हणून "कनेक्ट झालं" असं दिसतं. मग सर्व्हर आपलं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, पाठवतो. ते असतं काही हजार बाइटचं, त्यामुळे त्याची काठोकाठ भरलेली १५०० ची पॅकेटं होतात आणि ती वाटेत अडतात. सर्व्हर पुन्हा पाठवतो, पुन्हा तेच. तुमच्यासमोर गोल फिरतंय. रेल्वेच्या पुलाखालून रिक्षा बिनधास्त जाते, कंटेनर मात्र अडकतो, तसंच. साधं पिंग ही रिक्षा आहे. विंडोजचं पिंग तर फक्त ३२ बाइटचा माल नेतं. ते गेलं म्हणून कंटेनरही जाईल असं धरू नका.

खरं तर अशा वेळी जिथे पॅकेट अडलं तिथल्या राऊटरने उलट निरोप द्यायचा असतो: "मोठं आहे, माझ्याकडे १४९२ च मावतात." हा निरोप आयसीएमपीने, म्हणजे नेटवर्कमधले असे निरोप नेणाऱ्या पद्धतीने, जातो आणि सर्व्हर पुढची पॅकेटं लहान करतो. ही पद्धत १९९० पासून लिहून ठेवलेली आहे. पण "आयसीएमपी म्हणजे धोका" असं धरून अनेक ठिकाणी फायरवॉलवर (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्यावर) सरसकट सगळं आयसीएमपी बंद करतात. निरोप दारातच मरतो आणि सर्व्हर बिचारा तेच कंटेनर पाठवत बसतो. माझ्या मते ही सुरक्षा नव्हे, आळस आहे.

यूट्यूब का चालतं? गूगल बरंचसं काम टीसीपीऐवजी क्विक नावाच्या नव्या पद्धतीवर करतं. क्विक सुरुवातीला १२०० बाइटच्या आसपासची पॅकेटं पाठवतं आणि मोठी जातात का ते स्वतः चाचपून बघतं. त्यामुळे पुलाचा प्रश्नच येत नाही.

आता तपासणी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग, स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, १४७२, स्पेस, १.१.१.१ असं टाका (सगळं इंग्रजीत, अक्षरं लहान). बँकेच्या पत्त्यावर हे करू नका, बऱ्याच बँका पिंगला उत्तरच देत नाहीत. डॅश एफ म्हणजे "पॅकेट तोडू नका". १४७२ मध्ये शीर्षकांचे (पॅकेटच्या माथ्यावरच्या पत्ता वगैरे माहितीचे) २८ मिळवले की १५०० होतात. उत्तर आलं नाही तर १४६४ टाकून बघा. ते गेलं तर रोग सापडला: १४६४ अधिक २८, बरोबर १४९२.

इलाज राऊटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूच्या) सेटिंगमध्ये आहे. पीपीपीओईच्या पानावर एमटीयू १४९२ करा, सेव्ह करा, राऊटर एकदा बंद-चालू करा. एमएसएस क्लॅम्पिंग असा पर्याय दिसला तर तोही चालू करा. त्यामुळे हाकेच्या पहिल्याच पॅकेटमध्ये राऊटर समोरच्याला सांगून टाकतो की एका वेळी १४५२ बाइटच माल पाठव. बहुतेक तुमचा जुना राऊटर हे काम मुकाट्याने करत होता.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. एका पतपेढीच्या शाखेतून साधं मेल जायचं, पीडीएफ जोडली की अडायचं. दोन दिवस मी केबल बदलली, अँटिव्हायरस काढला, मेल सर्व्हरवाल्यांशी वाद घातला. इंटरनेटवाला फोनवर एकच सांगायचा, "साहेब, आमच्याकडून स्पीड पूर्ण येतोय." येतच होता! शेवटी तिथल्या शिपायाने सांगितलं की दोन ओळींचं मेल जातं, लांबलचक मेल मात्र पीडीएफ नसतानाही अडतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

१४६४ सुद्धा अडलं तर दहा-दहाने कमी करत जा आणि जो सगळ्यात मोठा आकडा जाईल तो इथे लिहा. फक्त चाचणीच्या आधी ऑफिसचं व्हीपीएन बंद करा. त्याचंही पाकीट वेगळं असतं, ते चालू राहिलं तर आकडा उगाच कमी येईल.