‘ड्युअल यूज’साठी मराठी शब्द: दुधारी, द्विउपयोगी की दुहेरी वापराचे?

शिरोली औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकांसाठी निर्यात-नियंत्रण आणि सायबर सुरक्षा या विषयांवरचे माहितीपत्रक मराठीत करणाऱ्या कोल्हापूरच्या एका वाचकाने विचारले आहे, की ‘ड्युअल यूज टेक्नॉलॉजी’ला ‘दुधारी तंत्रज्ञान’ म्हणावे की ‘द्विउपयोगी तंत्रज्ञान’, आणि ‘क्रॉस सेक्टर कोऑपरेशन’ला ‘आंतरक्षेत्रीय सहकार’ चालेल का.

‘दुधारी’ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मर्दानी खेळ पाहिलेल्या कोल्हापूरकराला हा शब्द ऐकताच पट्टा आठवतो. त्याचे पाते दोन्ही अंगांनी कापते आणि हात चुकला तर फिरवणाऱ्यालाही सोडत नाही. इजेचा अर्थ त्या विशेषणातच मुरलेला आहे. मूळ संज्ञा मात्र एवढेच सांगते, की ही वस्तू नागरी कामालाही लागते आणि लष्करी कामालाही. फाउंड्रीतून आलेल्या व्हॉल्व्हच्या कास्टिंगचे मशिनिंग करणारे, पाच अक्ष एकाच वेळी चालवणारे संगणक-नियंत्रित (सीएनसी) यंत्र ठरावीक अचूकतेच्या पुढचे असेल, तर ते विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ‘स्कोमेट’ या निर्यात-नियंत्रित वस्तूंच्या यादीत येते आणि त्याच्या निर्यातीला परवाना लागतो. अशा यंत्राच्या मालकाला ‘तुमचे तंत्रज्ञान दुधारी आहे’ असे लिहून कळवले, तर तो पहिल्याच ओळीला आरोपी झाल्यासारखा बिचकेल.

‘द्विउपयोगी’ची अडचण निराळी आहे. संधीचा आग्रह धरला तर ‘द्व्यर्थी’प्रमाणे ‘द्व्युपयोगी’ म्हणावे लागेल. पण ‘बहुउपयोगी’ आपण संधी न करता सर्रास लिहितो, म्हणून तो आक्षेप मी ताणत नाही. खरा आक्षेप ‘उपयोगी’ला आहे. उपयोगी म्हणजे फायद्याचे. ‘द्विउपयोगी’ वाचून ग्राहकाला दोन कामे करणारे कपाट आठवेल. ‘वापर’ हा शब्द तसा कोणाची बाजू घेत नाही, आणि त्याचा गोतावळाही या विषयाला हवा तसाच आहे: वापरकर्ता, गैरवापर, अंतिम वापर. परवान्याच्या अर्जासोबत अंतिम वापराचे प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा ‘दुहेरी वापराचे तंत्रज्ञान’ म्हटले की पत्रकातल्या सगळ्या संज्ञा एका धाग्यात येतात.

सायबर सुरक्षेच्या भागात तर ही काळजी अधिकच हवी. संगणकप्रणालीतील कच्चे दुवे शोधणारे साधन बँकेचा तपासनीस वापरतो आणि चोरही वापरतो. शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या वस्तू यांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवण्यासाठी काही देशांनी १९९६ साली स्थापन केलेल्या वासेनार व्यवस्थेने २०१३ मध्ये घुसखोरीच्या सॉफ्टवेअरशी संबंधित साधने आणि तंत्रज्ञान नियंत्रणाखाली घेतले, तेव्हा शब्दरचना इतकी ऐसपैस होती, की दोष शोधून कळवणाऱ्या प्रामाणिक संशोधकांनाही आपण त्यात सापडू अशी भीती वाटली. डिसेंबर २०१७ मध्ये दोष कळवणे आणि सायबर हल्ल्यानंतरची उपाययोजना यांसाठी सूट देणारी दुरुस्ती झाली. भारतही त्याच महिन्यात या व्यवस्थेचा सदस्य झाला.

आता ‘सहकार’. ज्या जिल्ह्यात ‘सहकार’ म्हटले की साखर कारखाना, दूध संघ आणि पाणीपुरवठा संस्था डोळ्यांपुढे येतात, तिथे ‘आंतरक्षेत्रीय सहकार’ वाचून कोणी सभासदत्वाचा अर्जसुद्धा मागेल. इथे ‘सहकार्य’च हवे. ‘आंतर’ मात्र योग्य आहे, कारण तो दोहोंमधला संबंध दाखवतो. ‘अंतर्गत’मधला ‘अंतर्’ आतले दाखवतो, म्हणून ‘अंतर्क्षेत्रीय’ लिहिल्यास अर्थ उलटेल. तरीही पत्रकात मी ही सामासिक संज्ञा फक्त शीर्षकात ठेवीन आणि मजकुरात सरळ लिहीन: ‘दुहेरी वापराच्या तंत्रज्ञानाबाबत उद्योग, शासन आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी एकमेकांना वेळेवर माहिती द्यावी.’