फी माफ झाली, पण हॉस्टेल-मेसचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो, मिस्टर गांधीबागेत कपड्याच्या दुकानात कामाला आहेत, मी घरी फॉल-पिको करते. उत्पन्नाचा दाखला ३ लाखाचा आहे, आम्ही ओबीसी. मुलीला कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज लागलं. पण भासरे (मिस्टरांचे मोठे भाऊ) म्हणून राह्यले की एवढ्या दूर काहून पाठवता, हिंगणा रोडच्या प्रायव्हेट कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून घ्या, पोरगी घरी राहील, हॉस्टेलचा खर्च वाचेल. मी तर माझी गळ्यातली पोत मोडायचा विचार करून राह्यली होती. काय करावं काही सुचत नाही.

— एक आई, नागपूर

उत्तर : ताई, आधी पोत कपाटात ठेवा. खरंच सांगते, ती मोडायची वेळ आलेली नाहीये.

भासऱ्यांना पोरीची काळजी आहे हे मला कळतं, पण त्यांचा हिशेब उलटा बसतोय. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीये, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखाच्या आत असलं की झालं, म्हणजे तुम्ही त्यात आरामात बसता. पण ही माफी कॅपमधून मिळालेल्या सीटलाच आहे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे घरी राहून मेसचे पैसे वाचवायला जाल आणि चार वर्षं प्रायव्हेटची पूर्ण फी खिशातून भराल. तुमच्या पोरीनं अभ्यास करून जी सीट कमावली ती सोडून पैसे देऊन दुसरी घ्यायची, हे मला तरी पटत नाही. आणि अमरावतीचं ते कॉलेज १९६४ पासूनचं आहे, विदर्भातली किती पोरं तिथून शिकून निघाली.

आता जे माफ नाही ते सांगते, कारण लोक "सगळं फ्री" ऐकतात आणि ॲडमिशनच्या खिडकीवर चेहरा पडतो. डेव्हलपमेंट फी, बाकीची किरकोळ फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं हे सगळं घरूनच. मेसचं महिन्याला ४ हजार धरा, दहा महिन्यांचे ४० हजार. त्यात हॉस्टेलचं भाडं, आणि येण्याजाण्याचं. एसटीत बायका-मुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे त्यामुळे महिन्यातून एकदा घरी आली तरी जड जात नाही. सरकारी हॉस्टेलच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून ॲडमिशन झाली त्याच दिवशी हॉस्टेलचा फॉर्म भरा, "नंतर बघू" म्हणाल तर बाहेर रूम घ्यावी लागेल आणि तिथे मात्र खर्च वाढतो. ओबीसी मुलांच्या राहण्या-खाण्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पण तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखाची, तुमच्या ३ लाखाच्या दाखल्यावर ती धरून चालू नका. हात अगदीच आखडला तर एज्युकेशन लोनमध्ये हॉस्टेल-मेससुद्धा धरतात, ४ लाखापर्यंत बँका सहसा काही गहाण मागत नाहीत. पण ते दुसऱ्या वर्षी बघा, पहिल्याच वर्षी कर्ज नको.

आणि खरी धावपळ कागदांची आहे ताई. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, सगळं एका फाइलमध्ये आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. रेशन कार्डावर, आधारवर आणि दहावीच्या मार्कशीटवर पोरीच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे ना हे आज रात्रीच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा, एका अक्षरासाठी सेतूत परत लाइन लावावी लागते.

फी माफीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर भरायचा, आणि दरवर्षी रिन्यू करायचा, एकदा भरला की चार वर्षं चालतो असं नाही. बँक खातं आधारला नुसतं लिंक असून भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचा पैसा थेट खात्यात यायला, ते सीड असावं लागतं, म्हणजे आधारवरचे पैसे याच खात्यात टाकायचे अशी बँकेनं नोंद केलेली असावी लागते, आणि पैसा जातो तो शेवटी जे खातं सीड झालं त्याच्यात. माझ्या भाच्याचं असंच झालं, शाळेत असताना त्याच्या नावानं गावी एक झिरो बॅलन्सचं खातं काढलं होतं, स्कॉलरशिपचा हप्ता त्याच्यात जाऊन पडला आणि आम्ही इकडे चार महिने दुसऱ्याच पासबुकात एंट्री मारून आणत होतो. पोरगं रोज मला विचारायचं, मावशी आलेत का पैसे. म्हणून बँकेत जाऊन सरळ विचारा, "माझं आधार डीबीटीला कोणत्या खात्याला सीड आहे?"

पोरीला अमरावतीला पाठवा. सीट तिनं मिळवलीये, आणि भासऱ्यांना हा हिशेब कागदावर लिहून दाखवा, ऐकतील.

प्रश्न : माझी दहावी पांढुर्ण्याला झाली, बारावी नागपूरला. आई-बाबा दोघंही मूळचे काटोलचे. मला महाराष्ट्रातला धरतील की मध्य प्रदेशातला?

— बारावीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : हे दोन ठिकाणी वेगवेगळं बघतात, घोळ करू नकोस. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत (केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत) अर्ध्या जागा होम स्टेटच्या, म्हणजे त्याच राज्यातल्या मुलांच्या असतात आणि तिथे तू बारावी कुठल्या राज्यातून पास झालास तेच बघतात, डोमिसाइल नाही, म्हणजे तू तिथे महाराष्ट्राचाच. राज्याच्या कॅपमध्ये मात्र महाराष्ट्राच्या मुलांचे टाइप पाडलेत, त्यातल्या टाइप ए साठी दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, ते तुझं बसत नाही, पण आई किंवा बाबांचं महाराष्ट्राचं डोमिसाइल सर्टिफिकेट असेल तर तू टाइप बी मधून येतोस. बाबांचं नसेल तर आईचंही चालतं रे, ते काढायला तिच्या काटोलच्या शाळेचा दाखला आधी शोध.

एनआयटीची ट्युशन फी वर्षाला सव्वा लाख आहे, पण घरचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते आणि १ ते ५ लाखाच्या मध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ. एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना तर उत्पन्न न बघता माफ आहे. तेव्हा नुसता फीचा आकडा बघून पसंतीक्रमातून व्हीएनआयटी काढू नकोस, आणि बाबांच्या उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता आत्ताच काढायला टाक, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.