नाशिकमध्ये राहून विज्ञानकथांची नभोनाट्ये ऑनलाइन रेडिओवर ऐकायची असतील, तर सुरुवात कोठून करावी?

जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून झाल्यावर तशाच कथा नाट्यरूपात ऐकाव्याशा वाटतात, मोबाइलवर परदेशी रेडिओ लागतो हेही ठाऊक आहे, परंतु इंग्रजी उच्चार कानाला पटकन कळत नाहीत आणि चोवीस तास चालणाऱ्या केंद्रांवर नेमके काय ऐकावे ते उमगत नाही, असा आपला प्रश्न आहे. मीही नाशिककरच असून बरीच वर्षे ही नाटके ऐकत आलो आहे. माझे स्पष्ट मत असे की, सुरुवात गाजलेल्या ब्रिटिश मालिकांपासून न करता १९५० च्या दशकातील अमेरिकन अर्ध्या तासाच्या नाटकांपासून करावी.

याचे कारण त्या नाटकांच्या लेखनातच आहे. त्या काळच्या श्रोत्याला मागे जाऊन पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. एखादे वाक्य निसटले की ते निसटलेच. म्हणून निवेदक आरंभीच स्थळकाळ सांगून टाकतो, पात्रे एकमेकांना वारंवार नावाने हाक मारतात, आणि कोण आत आले, कोण बाहेर गेले हे संवादातूनच कळत राहते. नटांचे उच्चारही ठसठशीत असतात. आजच्या पॉडकास्टमधील पुटपुटत्या, एकमेकांवर आदळणाऱ्या संवादांपेक्षा मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला हे इंग्रजी कितीतरी सोपे जाते.

यांतील दोन नावे प्रथम लक्षात ठेवावीत. एनबीसी या अमेरिकन प्रसारण कंपनीची ‘डायमेन्शन एक्स’ ही मालिका १९५० आणि १९५१ मध्ये प्रसारित झाली आणि तिचीच पुढची आवृत्ती म्हणता येईल अशी ‘एक्स मायनस वन’ १९५५ ते १९५८ या काळात चालली. ‘अस्टाउंडिंग’ आणि ‘गॅलक्सी’ या विज्ञानकथांच्या मासिकांतील कथा निवडून त्यांची रूपांतरे येथे सादर होत; आयझॅक आसिमॉव्ह, रे ब्रॅडबरी, रॉबर्ट हाइनलाइन ही नावे वारंवार येतात. अर्नेस्ट किनॉय आणि जॉर्ज लेफर्ट्स या दोघांनी केलेली रूपांतरे मला विशेष आवडतात, कारण त्यांत कथेची मूळ कल्पना राक्षसांच्या आरोळ्यांखाली दबून जात नाही. नारळीकरांच्या कथेत एखादी वैज्ञानिक शक्यता गृहीत धरून तिचे परिणाम शेवटपर्यंत तपासलेले असतात. त्या पद्धतीची सवय असलेल्या वाचकाला येथे परके वाटणार नाही.

पहिले नाटक म्हणून ‘अ लॉजिक नेम्ड जो’ ऐकावे, असे मी सुचवेन. मरे लाइन्स्टर यांची मूळ कथा १९४६ ची असून ‘एक्स मायनस वन’वर ती १९५५ मध्ये सादर झाली. घरोघरी ‘लॉजिक’ नावाची यंत्रे आहेत, ती सामायिक माहितीसाठ्याला जोडलेली आहेत, आणि त्यांतले एक यंत्र, विचारू नये ते विचारणाऱ्यालाही निमूटपणे उत्तर देऊ लागते, एवढे सांगून थांबतो. इंटरनेटवरूनच हे नाटक ऐकताना त्यातला विनोद आपोआप दुप्पट होतो. दुसरे ‘द कोल्ड इक्वेशन्स’. टॉम गॉडविन यांच्या या कथेत मोजके इंधन असलेल्या लहान यानात एक मुलगी लपून बसलेली सापडते. जवळजवळ सारे नाटक बंद जागेतल्या संभाषणावर उभे असल्याने ध्वनिमाध्यमाला ते फार चांगले मानवले आहे. मूळ कथा आधी वाचून मग नाटक ऐकले, तर उच्चारांची अडचण बरीच कमी होते. शेवट आधीच कळतो, पण माझ्या मते ही किंमत देण्याजोगी आहे.

या नाटकांचे वय मात्र जाणवते. स्त्रीपात्रे बहुधा दुय्यम असतात, आणि मंगळावर माणसे खुशाल मोकळ्या हवेत वावरतात. मरिनर ४ या यानाने मंगळाची जवळून घेतलेली पहिली छायाचित्रे १९६५ मध्ये पाठवली, तोवर कथाकारांना एवढी मोकळीक होती.

बीबीसीची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही डग्लस अ‍ॅडम्स यांची मालिका ८ मार्च १९७८ रोजी रेडिओ ४ वर सुरू झाली. ती अप्रतिम आहे, पण तिची गंमत शब्दांच्या कोट्यांत आणि रेडिओफॉनिक वर्कशॉप या बीबीसीच्या ध्वनिप्रयोग विभागाने रचलेल्या ध्वनींच्या थरांत आहे, त्यामुळे कान तयार झाल्यावरच तिच्याकडे वळावे. चार्ल्स चिल्टन यांची १९५३ मध्ये सुरू झालेली ‘जर्नी इंटू स्पेस’ समजायला सोपी आहे. मात्र ती क्रमशः चालणारी असल्याने मधलाच भाग कानी पडला तर काहीच हाती लागत नाही.

आता ऐकण्याच्या व्यवस्थेविषयी. ट्यूनइनसारख्या अ‍ॅपमध्ये जुन्या रेडिओ नाटकांची केंद्रे शोधता येतात, आणि एखाद्या केंद्राच्या प्रसारणाचा थेट वेब-पत्ता मिळाल्यास तो व्हीएलसी या प्लेअर अ‍ॅपमध्येही उघडतो. वेळापत्रक परदेशी घड्याळाप्रमाणे असते, हे विसरू नये: लंडनचे सायंकाळचे ६ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे ११:३० आणि तेथील उन्हाळी वेळ सुरू असताना १०:३०, न्यूयॉर्कचे रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ६:३० किंवा ५:३०. डेटाची चिंता नको. ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ किलोबिट) प्रसारणाला तासाला सुमारे २९ एमबी लागतात, आणि मुळात मोनो असलेल्या या ध्वनिमुद्रणांना तेवढा दर्जा पुरतो. महागड्या हेडफोनने त्यात काही भर पडत नाही. स्क्रीन बंद होताच आवाज थांबत असेल, तर फोनच्या बॅटरी बचतीच्या सेटिंगमधून ते अ‍ॅप वगळावे. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना मात्र रेडिओच्या भरवशावर राहू नये, कारण इगतपुरी-कसारा घाटातील बोगद्यांत प्रसारण तुटते आणि नेमका उलगडा तेथेच हुकतो. अशा प्रवासासाठी इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावरून भाग आधीच उतरवून घ्यावेत. तसे केल्यास वेगही थोडा कमी करून ऐकता येते.

एरवी घरी असताना मी हाताने भाग निवडण्यापेक्षा केंद्र चालू ठेवणेच पसंत करतो. निवडायला बसलो की नामांकित लेखकांचीच नाटके ऐकली जातात, आणि कधी नाव न ऐकलेल्या लेखकाची चांगली कथा कानावर पडायची राहून जाते.

ऑर्सन वेल्स यांचे ३० ऑक्टोबर १९३८ चे ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे मंगळवासीयांच्या स्वारीवरचे नाटक आपण आधीच शोधून ठेवले असेल, तर ते थोडे मागे ठेवावे. त्याचा पूर्वार्ध त्या काळच्या बातमीपत्राच्या धाटणीचा आहे. नृत्यसंगीताचा कार्यक्रम मध्येच तोडून निवेदक घाईने बोलू लागतात, आणि ही घाई सरावलेल्या कानालाच पेलते. ते ऐकाल तेव्हा तासभर सलग, मध्ये न थांबवता ऐकावे. त्या रात्री या बातम्या खऱ्या मानून अमेरिकाभर हाहाकार उडाला ही कथा वृत्तपत्रांनी बरीच फुगवली होती, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.