मोहफुलातला 'मोह' आणि ठरावातली 'मोहबंदी'

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं आहे: "आमच्या ग्रामसभेत दारूचा ठराव लिहायचा आहे. एका वक्त्यानं सांगितलं, हे फूल माणसाला मोहात पाडतं म्हणून त्याचं नाव मोह, तेव्हा ठरावात 'मोहबंदी' लिहा. जुनी माणसं त्यावर नाराज झाली. हा शब्द बरोबर आहे का?"

ताई, नाही. हे दोन शब्द वेगवेगळ्या घरचे आहेत. मनाला पडणारा मोह संस्कृतातल्या 'मुह्' धातूपासून आला, म्हणजे भ्रमात पडणे, भान हरपणे. झाडाचं संस्कृत नाव मधूक, त्यात 'मधु' आहे, गोडवा आहे. मधूकचं प्राकृतात महुअ झालं, हिंदीत महुआ, आपल्याकडे मोहा किंवा मोह. 'ध'चा 'ह' होणं आपल्या भाषेत नेहमीचंच: दधिचं दही झालं, गोधूमचा गहू झाला. घोटाळा होतो तो विभक्तीमुळे. 'मोहाची फुलं' आणि 'मोहाचे क्षण', दोन्हीकडे 'मोहा' हेच रूप येतं, आणि कीर्तनात-भाषणात श्लेष करायला ते फार सोपं पडतं.

पण खरा पुरावा तुमच्याच गावात आहे. गोंडी बोलणाऱ्या आजीला फुलाचं नाव विचारा. भागाप्रमाणे ती इरूक म्हणेल किंवा इरूप. तेलुगूत हेच झाड इप्पा, तमिळमध्ये इलुप्पै. या नात्यातल्या शब्दांत भुलवण्याचा अर्थ कुठेच नाही. ज्या लोकांनी हे फूल पिढ्यान्‌पिढ्या वेचलं, वाळवलं, उन्हाळ्यात त्यावर दिवस काढले, नवं फूल तोंडात घालण्याआधी पंडुम (नव्या पिकाचा सण) केला, पेनापुढे, म्हणजे देवापुढे, त्याच दारूचे थेंब सांडले, त्यांच्या भाषेत हा श्लेष जुळतच नाही. म्हणून जुनी माणसं नाराज झाली. त्यांना 'मोहबंदी' हा देवकार्यावर आणि जेवणावर घातलेला घाव वाटला, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

तुमची बाजूही मला तेवढीच रास्त वाटते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या, चळवळीतून. नवऱ्याच्या दारूनं घर बसलेल्या बाईला श्रद्धेचं कारण सांगून गप्प करता येत नाही. प्रश्न एवढाच की बंदी नेमकी कशाची, आणि कायदे करणाऱ्यांनाही ते शब्द निवडतानाच सोडवावं लागलं आहे.

24 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत, आज जे अनुच्छेद 47 आहे, त्यात दारूबंदीचं तत्त्व घालण्यावर चर्चा झाली. छोटा नागपूरचे आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी हरकत घेतली: हा देशातल्या सर्वांत जुन्या लोकांच्या धार्मिक हक्कात हात घालणं आहे. डॉ. आंबेडकरांचं उत्तर असं होतं की हे मार्गदर्शक तत्त्व आहे, कधी आणि किती अमलात आणायचं ते राज्यांच्या हाती राहील, आणि आदिवासी भागांसाठी मसुद्यात वेगळ्या तरतुदी आहेत. शेवटी अनुच्छेदात शब्द आले ते 'प्रयत्नशील राहील' असे. संविधानाच्या सहाव्या अनुसूचीत तर आणखी बारकाई आहे. ईशान्येकडच्या स्वायत्त जिल्ह्यांत, न गाळलेल्या (भट्टीवर वाफ करून न काढलेल्या) दारूवर बंदी घालणारा राज्याचा कायदा तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदेनं सांगितल्याशिवाय लागू होत नाही. 'न गाळलेली' या एका विशेषणानं भाताची घरगुती दारू वाचली. मोहाची दारू गाळलेली असते आणि तुमचा धानोरा तालुका पाचव्या अनुसूचीत (इतर राज्यांतल्या आदिवासी भागांसाठीच्या) येतो, म्हणून ते कलम तुमच्या कामाचं नाही.

तुमच्या कामाचा आहे पेसा, म्हणजे पाचव्या अनुसूचीतल्या भागांतल्या पंचायती आणि ग्रामसभांसाठीचा 1996 चा कायदा. त्याच्या चौथ्या कलमात, एकाखाली एक, ग्रामसभा आणि पंचायतींना द्यायचे दोन अधिकार सांगितले आहेत. पहिला, मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा. दुसरा, गौण वनोपजाच्या (जंगलातून मिळणाऱ्या, लाकूड सोडून इतर वस्तूंच्या) मालकीचा. मोहाचं झाड या दोन्ही ओळींत उभं आहे: दारू पहिलीत, फूल दुसरीत. कायद्यानं त्यांना एका शब्दात कोंबलेलं नाही, तुम्हीही कोंबू नका. 2021 साली राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यांवरचे निर्बंध शिथिल केले, तेव्हाही फूल आणि दारू अशीच वेगळी धरली गेली.

(कुणी 'आडवी बाटली'चा मार्ग सुचवला असेल तर तो परवानाधारक दुकानासाठी आहे. गुप्त मतदानात उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. चित्र असल्यानं न शिकलेल्या बाईलाही मत देता येतं, हे मला फार आवडतं. पण दारूबंदीच्या जिल्ह्यात परवान्याचं दुकानच नाही.)

आता ठरावाचा मजकूर. 'मोहबंदी' काढून टाका. 'मोहफुलापासून दारू गाळून तिची गावात विक्री करण्यास मनाई' असं सरळ लिहा. 'मनाई' हा शब्द मुद्दाम सुचवतो आहे, कारण तो अमुक एका कृतीला चिकटतो. 'बंदी' लिहिली की लोक ती सगळ्या झाडावर पसरवतात. फूल वेचणं, वाळवणं, खाणं, विकणं यांना हा ठराव लागू नाही, हे वेगळ्या वाक्यात येऊ द्या. पूजेच्या थेंबांबद्दल काय लिहायचं ते गायता आणि भूमक या गावच्या पुजाऱ्यांना सभेत बसवून त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या. बाहेरून आलेल्या वक्त्याच्या किंवा माझ्या शब्दांत ते लिहू नका. आणि लिहिलेला ठराव सही-अंगठ्याआधी एकदा गोंडीत वाचून दाखवा.