पॅजेटसाठीचं सलाईन: एकदा की दरवर्षी?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. डाव्या मांडीच्या हाडाला पॅजेटचा आजार असल्याचं एक्स-रे आणि बोन स्कॅनमध्ये दिसलं. दुखणं रात्री जास्त असतं. अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची उलाढाल दाखवणारं रक्तातलं एन्झाइम) ६१०, व्हिटॅमिन डी ११. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन सुचवलंय. शेजारच्या काकूंना ते हाडं ठिसूळ झाल्यामुळे दरवर्षी देतात. वडिलांनाही दरवर्षी लागेल का? आठवड्याची गोळी चालणार नाही का?

उत्तर : सलाईन योग्यच आहे, पण आज लगेच नको. आधी डी भरून काढा. पॅजेटमध्ये हाड झिजवणाऱ्या पेशी बेफाम झालेल्या असतात. हे औषध त्यांना आवरतं, त्यामुळे हाडातून रक्तात येणारं कॅल्शियम एकदम घटतं, पण नवं हाड ते ओढतच राहतं. डी ११ असताना आतड्यांतूनही कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही. मग ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सलाईनआधी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचं माप) ३५ च्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत. दात काढायचा असेल तर तो आधी काढून जखम भरू द्या. डोस ५ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत. घाईनं सोडलं तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. त्याआधी दोन ग्लास पाणी प्यायला द्या. पहिले तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, पॅरासिटामॉल पुरतं. पुढचे किमान दोन आठवडे कॅल्शियम आणि डी एकही दिवस चुकवू नका.

दरवर्षीचं वेळापत्रक काकूंच्या आजाराचं. पॅजेटमध्ये एका सलाईनचा परिणाम बहुतेकांना काही वर्षं टिकतो. फॉस्फेटेज तीन आणि सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा तपासा. ते पुन्हा चढू लागलं किंवा दुखणं परतलं, तरच दुसऱ्या डोसचा विचार. मात्र ते यकृतामुळेही वाढतं, म्हणून सोबत जीजीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

आठवड्याची ७० मिलिग्रॅमची अ‍ॅलेंड्रोनेट ठिसूळ हाडांसाठी असते. पॅजेटमध्ये तीच ४० मिलिग्रॅम रोज, सहा महिने लागते, किंवा रिसेड्रोनेट ३० मिलिग्रॅम रोज, दोन महिने. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं न होता.

वाकलेलं हाड मात्र औषधानं सरळ होत नाही, आणि सांध्याची झीज झाली असेल तर ते दुखणं उरतं.