आधी कारखान्यात जाऊन बस

अगं, विडी कामगार बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध काम करायचंय ना, मग मोर्चा, फलक नंतर बघू. आधी महिनाभर विडी कारखान्यात, बायका वळलेल्या विड्या द्यायला येतात त्या वेळेला, जाऊन बस. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच बायका घरी तेलुगू बोलतात. दोन-चार वाक्यं शिकून घे, मनातलं त्याच भाषेत निघतं. विड्या मोजून घेणारा माणूस त्रास देतो, हे कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही. विड्या नापास केल्या तर मजुरी बुडते, म्हणून त्या गप्प बसतात. हे नीट समजून घे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार ऐकायला अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान जागी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, म्हणून घटनेची तारीख त्याच दिवशी लिहून ठेव. त्या बाईच्या मर्जीशिवाय मात्र कुठेही जाऊ नकोस.

मुलगी अठराच्या आतली असेल तर गोष्ट वेगळी. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तिला देऊ नकोस. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं. मी एकदा असं वचन दिलं होतं. ते मोडताना त्या पोरीचा चेहरा बघवला नाही.

१८१ (बायकांसाठी मदत), १०९८ (मुलांसाठी मदत) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर बायकांकडून पाठ करून घे. मोबाईल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात असतो.