मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ७ टॅब्लेटवर फेडोरा लिनक्स टाकलं, पण बोट आणि पेन दोन्ही चालत नाहीत. काय करावं?

इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही. या टॅब्लेटचा टच आणि पेन इंटेलच्या आयपीटीएस या टच-पेन तंत्रातून येतात, आणि त्याचा ड्रायव्हर फेडोराच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, नाही. सरफेसवर लिनक्स चालवण्यासाठीच्या लिनक्स-सरफेस प्रकल्पाची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजचा साठा, जोडा, त्यातला कर्नल आणि आयपीटीएसडी ही सेवा, दोन्ही बसवा. नुसत्या कर्नलने भागत नाही. सेन्सरच्या कच्च्या माहितीतून बोट कुठलं, तळहात कुठला हे आयपीटीएसडीच ठरवते.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कर्नल सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर प्रकल्पाचं सरफेस-सिक्युअरबूट पॅकेजही घ्या. रीस्टार्टनंतरच्या निळ्या पडद्यावर एनरोल एमओके (प्रकल्पाची सही-की मान्य करणं) निवडा, पासवर्ड इंग्रजीत ‘surface’, सगळी अक्षरं लहान. या पायरीला कीबोर्ड कव्हर जोडलेलं हवं. विंडोज ठेवलं असेल तर त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की लिहून ठेवाच.

मग टर्मिनलमध्ये ‘युनेम -आर’ (uname -r) चालवा, म्हणजे कुठला कर्नल चालू आहे ते कळेल. उत्तरात ‘surface’ हा शब्द दिसला पाहिजे. अपडेटनंतर ग्रब, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडणारा प्रोग्राम, कधी कधी पुन्हा फेडोराच्या कर्नलवर जातो आणि पेन अचानक बंद पडतो. बहुतेकांची तक्रार तिथूनच येते.

कव्हर काढून वापरायला ग्नोम हा डेस्कटॉप घ्या, तोही वेलँड या डिस्प्ले-यंत्रणेवरचा. लिहायला झर्नल प्लस प्लस (Xournal++) हे वहीसारखं ॲप उत्तम, फक्त त्यात बोटाने रेघ ओढणं बंद ठेवा.